ली क्लासिक लोडर: थ्री-नॉट-थ्रीच्या हलक्या काडतुसांसाठी हातोडीने चालणारा संच

जुन्या लष्करी रायफली पूर्ण ताकदीच्या काडतुसांऐवजी हाताने भरलेल्या, कमी जोराच्या काडतुसांनी चालवणे हा अमेरिकेतील नेमबाजांचा जुना छंद आहे, आणि या छंदात नव्याने उतरणाऱ्याला पहिला सल्ला बहुधा असा मिळतो की भक्कम प्रेस (काडतूस दाबून घडवणारे तरफेचे यंत्र), डायचा (त्यात बसणाऱ्या साच्यांचा) पूर्ण संच आणि बाकीचा सगळा सरंजाम घेतल्याशिवाय काडतूस भरण्याच्या वाटेला जाऊ नये. .३०३ ब्रिटिश या काडतुसापुरते बोलायचे तर हा सल्ला मला पटत नाही. विस्कॉन्सिन राज्यातील हार्टफर्ड येथील ली प्रिसिजन या कंपनीचा ली क्लासिक लोडर हा चाळीस-पन्नास डॉलरांचा, हातोडीने ठोकून वापरायचा लहानसा संच या विशिष्ट कामासाठी महागड्या प्रेसपेक्षा काही बाबतीत सरस आहे, असे मत तो बराच काळ वापरल्यावर झाले आहे. मात्र त्याच्यासोबत येणारा पावडर, म्हणजे काडतुसातली दारू, मोजण्याचा चमचा बाजूला ठेवून एक चांगला तराजू विकत घेण्याची तयारी असेल, तरच तो घ्यावा.

या परीक्षणात कोणत्याही पावडरचे वजन दिलेले नाही आणि ते मुद्दाम दिलेले नाही. भरणीचे आकडे पावडर तयार करणाऱ्या कंपनीच्या ताज्या माहितीतूनच घ्यायचे असतात. ऐकीव आकड्यांवर कोणीही काडतूस भरू नये.

ज्या रायफलीसाठी हा संच मी वापरतो ती बंगालमधील इशापूरच्या कारखान्यात बनलेली शॉर्ट मॅगझिन ली-एनफील्ड मार्क ३ आहे. जेम्स पॅरिस ली यांचा बोल्ट आणि एनफील्ड पद्धतीची, डाव्या पिळाची, पाच खाचांची नळी असलेली ही रायफल १९०७ पासून मार्क ३ या रूपात ब्रिटिश आणि हिंदी सैन्याच्या हाती होती, आणि महाराष्ट्र पोलिसांच्या खांद्यावर तर ती एकविसाव्या शतकातही दिसत होती, त्यामुळे मराठी वाचकाला तिची वेगळी ओळख करून देण्याची गरज नाही. अमेरिकेच्या कायद्याच्या भाषेत मात्र ती ‘अँटिक’ ठरत नाही, कारण ती संज्ञा १८९८ किंवा त्यापूर्वी बनलेल्या शस्त्रांपुरती आहे. पन्नास वर्षांहून जुनी म्हणून ती संग्राह्य शस्त्रांच्या वर्गात मोडते. आयात होऊन अमेरिकेत आलेल्या इशापूरच्या अनेक रायफलींच्या पुढच्या दस्त्यात मजबुतीसाठी आडवा स्क्रू मारलेला असतो आणि काहींच्या पुढच्या दस्त्याभोवती तांब्याची तार गुंडाळलेली असते, कारण त्या ग्रेनेड फेकण्यासाठी वापरल्या गेल्या होत्या. तार असलेली किंवा कवायतीसाठी म्हणून ‘डीपी’ असा शिक्का मारलेली रायफल कितीही हलक्या काडतुसाने झाडू नये. हलकी भरणी चांगल्या रायफलीचे आयुष्य वाढवते, पण बिघडलेली रायफल तिच्यामुळे सुरक्षित होत नाही. काडतूस भरण्याचा विचार करण्यापूर्वी जाणकार बंदूक-कारागिराकडून हेडस्पेस, म्हणजे बंद बोल्ट आणि काडतूस टेकण्याची जागा यांतले अंतर, तपासून घेणे हा पहिला खर्च आहे.

१९१० मध्ये आलेल्या .३०३ च्या मार्क ७ काडतुसात १७४ ग्रेन (सुमारे सव्वाअकरा ग्रॅम) वजनाची गोळी सेकंदाला २४४० फूट वेगाने जात असे. तीच गोळी १५०० फुटांच्या वेगाने सोडली तर तिची ऊर्जा मूळच्या अडतीस टक्क्यांच्या आसपास राहते आणि खांद्याला बसणारा धक्का त्याहूनही अधिक प्रमाणात कमी होतो. पन्नास किंवा शंभर यार्डांवर कागदाला भोके पाडण्यासाठी याहून जास्त जोराची गरज नसते, सुकलेल्या लाकडी दस्त्याला तडे जाण्याची भीती घटते, आणि पितळी पुंगळी, म्हणजे बार उडाल्यावर मागे उरणारे काडतुसाचे कवच, पुन्हा पुन्हा भरता येते. हा शेवटचा मुद्दा खर्चाच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचा आहे, कारण .३०३ ची चांगली पुंगळी सहज मिळत नाही. मी सर्बियातील प्रवी पार्टिझान या कारखान्याची तयार काडतुसे विकत घेऊन, ती झाडून, त्यांच्याच पुंगळ्या पुढे वापरतो.

संच प्लॅस्टिकच्या छोट्या डब्यात येतो. डब्यात डायचे काम करणारी पोलादी नळी, जुना प्राइमर (पुंगळीच्या बुडातली ठिणगी पाडणारी टिकली) काढण्याचा दांडा आणि त्याची बैठक, नवा प्राइमर बसवण्याची बैठक आणि दांडा, गोळी बसवण्याचा खोली ठरवता येणारा दट्ट्या, पावडरचा एक चमचा आणि भरणीचा तक्ता एवढेच असते. हातोडी नसते, आणि लोखंडी हातोडी वापरायची नसते. लाकडी मोगरी किंवा नायलॉनची हातोडी वेगळी घ्यावी लागते. काम असे चालते: झाडलेल्या पुंगळीचा जुना प्राइमर दांड्याने ठोकून काढायचा, पुंगळी नळीत तिचे बूड समतल होईपर्यंत ठोकून बसवायची म्हणजे तिची मान, म्हणजे गोळी धरणारा पुढचा अरुंद भाग, आवळली जाते, मग नवा प्राइमर बैठकीत ठेवून वरून दांड्याने हलके ठोके देत पुंगळी बाहेर काढता काढता प्राइमर बसवायचा, नळी पुन्हा पुंगळीवर ठेवून तिच्या तोंडातून पावडर ओतायची, त्यावर गोळी सोडायची आणि दट्ट्याने ती ठरलेल्या खोलीपर्यंत ठोकायची. मूठभर काडतुसे भरायला बराच वेळ जातो. सदनिकेत राहणाऱ्याने शेजाऱ्यांच्या झोपेचा विचार करून वेळ निवडावी, कारण अमेरिकेतील लाकडी घरांच्या भिंती मोगरीचा आवाज अडवत नाहीत.

या संचाची खरी गुणवत्ता समजण्यासाठी .३०३ च्या पुंगळीचा एक जुना आजार माहीत असावा लागतो. ही पुंगळी बुडाच्या कडेवर, म्हणजे रिमवर, टेकते, आणि खंदकातील चिखल-मातीतही काडतूस सहज आत जावे म्हणून लष्करी रायफलींचा चेंबर (नळीच्या मागच्या टोकाची काडतूस बसण्याची पोकळी) मुद्दाम सैल कोरलेला असे. काडतूस उडाले की पुंगळी पुढे फुगून चेंबरचा आकार घेते. ली-एनफील्डच्या बोल्टला अडवून धरणारे खुंट पाठीमागच्या बाजूला असल्याने बोल्ट किंचित दबतो आणि पुंगळी आणखी ताणली जाते. आता ही पुंगळी नेहमीच्या पूर्ण डायमधून काढली तर तिचा खांदा, म्हणजे मानेखालचा उतार, पुन्हा मागे ढकलला जातो, पुढच्या वेळी ती पुन्हा तेवढीच ताणली जाते, आणि काही वेळा असे झाले की बुडाच्या थोडे वर पितळ पातळ होऊन एक फिकट चकाकणारे वर्तुळ दिसू लागते, जिथे पुंगळीचे दोन तुकडे होतात. पुढचा तुकडा चेंबरमध्ये अडकून बसतो, आणि तो काढायला खास हत्यार लागते. ली क्लासिक लोडर केवळ मान आवळतो, खांद्याला हात लावत नाही, त्यामुळे पुंगळी त्या एका रायफलीच्या चेंबरच्या मापाचीच राहते आणि ताणले जाण्याचे कारणच बहुतांशी संपते. एकाहून अधिक .३०३ रायफली असणाऱ्याने प्रत्येकीच्या पुंगळ्या वेगळ्या ठेवाव्यात, एवढीच अट. प्रेसवाल्यांना हेच साधण्यासाठी मान आवळणारी वेगळी डाय विकत घ्यावी लागते; इथे ती स्वस्त संचाच्या मर्यादेतून आपोआप मिळते.

दुसरा गुण माझ्या मते याहूनही मोठा आहे, आणि तो कंपनीच्या जाहिरातीत सहसा सांगितला जात नाही. हलक्या भरणीचा सर्वांत गंभीर धोका म्हणजे दुप्पट भरणी. पिस्तुलाच्या जलद पावडरची हलकी मात्रा .३०३ च्या मोठ्या पुंगळीच्या तळाशी इतकी थोडी दिसते की त्याच पुंगळीत ती चुकून दोनदा पडली तरी वरून लक्षात येत नाही, आणि दुप्पट मात्रा रायफल फोडू शकते. प्रेसवर काम करणारे बहुतेक जण पन्नास पुंगळ्या ठोकळ्यात ओळीने उभ्या करून एकेकीत पावडर ओततात. फोन वाजला, कोणी हाक मारली, की कुठपर्यंत आलो होतो हा प्रश्न तिथेच उभा राहतो. ली क्लासिक लोडरमध्ये एक काडतूस पूर्ण झाल्याशिवाय दुसऱ्याची सुरुवातच होत नाही: पावडर ओतली की लगेच गोळी, आणि गोळी बसली की ते काडतूस डब्यात. ज्या संथपणाची सगळे तक्रार करतात, तोच इथे पहारेकऱ्याचे काम करतो. तरीही गोळी सोडण्यापूर्वी विजेरीने संचाच्या नळीत डोकावून पावडर पडल्याची खात्री करण्याची सवय लावावी, कारण उलट चूकही वाईटच. पावडर अजिबात नसलेले काडतूस फुसका बार काढते, गोळी प्राइमरच्या जोराने रायफलीच्या नळीत अर्ध्यावर अडकते, आणि पुढचा बार तिच्यावर आदळतो. आवाज किंवा धक्का नेहमीपेक्षा कमी वाटला तर थांबून, बोल्ट काढून, नळीतून आरपार पाहिल्याशिवाय दुसरे काडतूस भरू नये.

आता दोष. सोबतचा चमचा हा या संचाचा कच्चा दुवा आहे. तो घनफळाने मोजतो, आणि एकाच चमच्यात पावडर किती दाबून बसली यावर वजन बदलते. लांबट दाण्यांच्या पावडरींच्या बाबतीत हा फरक जास्त जाणवतो. शिवाय डब्यातला तक्ता नेहमीच्या ताकदीच्या भरणीसाठी आहे, हलक्या भरणीसाठी तो उपयोगी नाही. कंपनी पंधरा वेगवेगळ्या मापांचे चमचे वेगळे विकते, त्यातला एखादा आपल्या भरणीच्या जवळ येतो, पण तेव्हाही प्रत्येक मात्रा तराजूवर घालूनच पुंगळीत जावी. तराजूशिवाय हलकी भरणी करणे मला बेजबाबदारपणा वाटतो.

पावडरीची निवड हा वेगळा आणि गहन विषय आहे. कोणतीही पावडर हवी तेवढी कमी करता येते हा समज घातक आहे: मंद जळणाऱ्या रायफल पावडरींची मात्रा फार कमी केली तर दाब घटण्याऐवजी अनपेक्षितपणे भडकू शकतो, म्हणून त्या या कामासाठी वर्ज्यच. ऑस्ट्रेलियात बनणारी ट्रेल बॉस ही पावडर खास अशाच कामासाठी होती; तिचे दाणे मधोमध भोक असलेल्या चकत्यांसारखे आणि वजनाला इतके हलके असत की थोड्या वजनातही पुंगळी बरीचशी भरे, त्यामुळे दुप्पट मात्रा बाहेर सांडून लगेच दिसे. दुर्दैवाने गेल्या काही वर्षांत ती दुकानांतून जवळजवळ नाहीशी झाली आहे, आणि कुणाकडे उरलेला डबा दिसलाच तर त्याची किंमत ऐकून माघारी फिरावेसे वाटते. दुसरा पर्याय एच-४८९५ ही पावडर आहे, जिच्याबद्दल हॉजडन कंपनीने स्वतःच असा नियम प्रसिद्ध केला आहे की छापील कमाल मात्रेच्या साठ टक्के इतक्या वजनापर्यंत ती खाली आणता येते. हा नियम एच-४८९५ पुरताच आहे. नावात ४८९५ असलेल्या दुसऱ्या कोणत्याही पावडरीला तो लावू नये. साठ टक्क्यांचे काडतूस ट्रेल बॉसइतके मऊ नसते, पण पूर्ण भरणीच्या तुलनेत फरक पहिल्याच बाराला खांद्याला कळतो.

गोळीच्या बाबतीत हा संच जाकीट (वरून कठीण धातूचे आवरण) असलेल्या गोळ्यांशी चांगला वागतो आणि शिशाच्या ओतीव गोळ्यांशी तितकासा नाही. हॉर्नडीच्या .३१२ इंच व्यासाच्या १५० आणि १७४ ग्रेनच्या गोळ्या त्यात विनासायास बसतात. ओतीव गोळी मात्र नळीच्या खाचांच्या व्यासापेक्षा एक-दोन हजारांश इंच जाड लागते, आणि जुन्या एनफील्ड नळ्या छापील मापापेक्षा बऱ्याच सैल निघतात, कारण मापातली ढिलाई मुळातच होती आणि त्यात कॉर्डाइटच्या (काड्यांच्या आकाराच्या जुन्या लष्करी दारूच्या) उष्ण ज्वाळेने झालेली झीज मिळाली. म्हणून मऊ शिशाचा गोळा नळीतून ठोकून काढून तिचे खरे माप आधी घ्यावे लागते. एवढी जाड, मऊ गोळी सरळ कडेच्या मानेत ठोकली की तिच्या अंगावरचे शिसे तासले जाते. हे टाळायला पुंगळीचे तोंड किंचित फुलवावे लागते, आणि ते करणारे कोणतेही साधन या संचात नाही. ज्याला ओतीव गोळ्याच झाडायच्या आहेत, त्याला तोंड फुलवणारी डाय आणि ती चालवायला निदान हातात धरण्याचा प्रेस घ्यावाच लागेल, आणि मग या संचाचा स्वस्तपणा बराचसा संपतो. शिसे हाताळल्यावर हात साबणाने धुवावेत आणि ते काम स्वयंपाकघरात करू नये, हे वेगळे सांगायला नको, पण सांगतो.

हातोडीने प्राइमर बसवण्याबद्दल पुष्कळ बोलले जाते. जोराचा ठोका बसला तर प्राइमर फुटू शकतो. त्या वेळी पुंगळीत पावडर नसते, त्यामुळे मोठा आवाज आणि दचकणे यापलीकडे सहसा काही होत नाही, पण चष्मा आणि आवाज अडवणारे कानरक्षक घातल्याशिवाय या टप्प्याला हात लावू नये. मला स्वतःला हा टप्पा आवडत नाही. हाताने दाबून प्राइमर बसवण्याचे स्वतंत्र अवजार मिळते, त्यात प्राइमर तळाला टेकल्याचे बोटांना कळते, आणि ते घेतल्यावर या संचाविरुद्धचा माझा दुसरा मोठा आक्षेप उरला नाही.

रेंजवर काडतुसे चांगली वागतात. मार्क ३ च्या मागच्या साइटवरचे सर्वांत खालचे माप २०० यार्डांचे आहे, त्यामुळे पूर्ण ताकदीची काडतुसे जवळच्या लक्ष्यावर वर लागतात. हलकी काडतुसे त्याच मापावर बरीच खाली येतात, आणि माझ्या रायफलीत पन्नास यार्डांवर माशी आणि नेम जवळजवळ जुळतात. मोठ्या पुंगळीत थोडी पावडर असल्यामुळे ती पुढे आहे की मागे, यावर वेग थोडा बदलतो. प्रत्येक बारापूर्वी रेंजच्या नियमांत बसेल अशा रीतीने नळी किंचित उंचावून मग नेम धरला की गोळ्या अधिक जवळ जवळ पडतात. पावडर मागे दाबून धरण्यासाठी काही जण पुंगळीत तंतूंचा बोळा भरतात. त्याने चेंबरला वळे, म्हणजे कड्यासारखा फुगवटा, पडल्याची उदाहरणे सांगितली जातात, म्हणून मी त्या वाटेला जात नाही.

पुण्याकडच्या वाचकांना एक मोह होईल, तो आधीच मोडलेला बरा. १८६९ मध्ये सुरू झालेल्या खडकीच्या दारूगोळा कारखान्याची, बुडावर ‘केएफ’ अशी अक्षरे असलेली जुनी .३०३ काडतुसे अमेरिकेतील जुन्या मालाच्या विक्रेत्यांकडे अजून अधूनमधून दिसतात. त्यांच्या पुंगळ्या या संचात भरता येत नाहीत, कारण त्या बर्डन पद्धतीच्या आहेत: ऐरण, म्हणजे ज्यावर दाबला जाऊन प्राइमर पेटतो तो उंचवटा, पुंगळीतच असते, मधोमध भोक नसते, आणि प्राइमर काढण्याचा दांडा त्या ऐरणीवरच आदळतो. आतले कॉर्डाइटही पुन्हा वापरण्याजोगे नसते, कारण त्याच्या लांब काड्या पुंगळीची मान घडवण्यापूर्वी आत घातल्या जात. शिवाय त्या प्राइमरमधील क्षार नळीला गंज आणतो, त्यामुळे ती झाडलीच तर त्याच दिवशी नळी गरम पाण्याने धुवावी लागते. संग्रहात ठेवायला ती उत्तम आहेत.

कायद्याबद्दल दोन गोष्टी सांगणे भाग आहे, कारण अमेरिकेत राहणाऱ्या मराठी मंडळींपैकी अनेक जण एच-वन-बी व्हिसावर असतात. अशा व्हिसाधारकाला बंदूक किंवा दारूगोळा बाळगायला संघराज्याच्या कायद्याने सर्वसाधारणपणे मनाई आहे. राज्याचा वैध शिकारपरवाना असणे यासारखे थोडे अपवाद आहेत. त्या कायद्याच्या व्याख्येत दारूगोळा म्हणजे केवळ भरलेले काडतूस नव्हे, तर पुंगळी, प्राइमर, गोळी आणि पावडरही येते, म्हणजे ग्रीन कार्ड हाती येईपर्यंत या छंदाचे सामानसुद्धा घरात आणण्यापूर्वी वकिलाला विचारावे. भारतात .३०३ हा प्रतिबंधित बोर आहे आणि परवान्याशिवाय घरी काडतूस भरणे हा शस्त्र कायद्याखाली गुन्हा आहे, त्यामुळे हा संच तिकडे कोणासाठी भेट म्हणून नेण्याचा प्रश्नच येत नाही. रेंजवर नेलेली पिशवी तर मायदेशी प्रवासाला वापरूच नये. तळाशी राहिलेली एखादी रिकामी पुंगळीही विमानतळावर मोठा मनस्ताप देते.

संच, मोगरी, तराजू, प्राइमर बसवण्याचे अवजार, आणि पुंगळीची लांबी कापून तोंडाची कड साफ करण्याची साधने मिळून खर्च शंभर डॉलरांच्या वर जातो. महिन्यातून एकदा रेंजवर जाऊन डबाभर काडतुसे सावकाश झाडणाऱ्याला यापेक्षा जास्त काही लागत नाही. दर आठवड्याला शेकडो काडतुसे झाडणाऱ्याने, किंवा शिशाच्या गोळ्यांची आवड असणाऱ्याने, थेट प्रेसकडे वळावे. साठच्या दशकातील इशापूर २-ए किंवा २-ए-१ ज्याच्याकडे आहे त्यानेही हा संच घेऊ नये, कारण ती रायफल दिसायला अशीच असली तरी ७.६२ नाटो काडतुसाची आहे.

हाच संच ८ मिलिमीटर मॉझरसारख्या काडतुसांसाठीही मिळतो, पण तिथे हलकी भरणी वेगळी वागते. रिम नसलेली ती पुंगळी खांद्यावर टेकते. दाब कमी असल्याने ती पुरेशी फुगत नाही, आणि फायरिंग पिनच्या आघाताने तिचा खांदा दर खेपेला किंचित मागे सरकतो. अशी पुंगळी नंतर पूर्ण भरणीने झाडली तर ती चेंबरमध्ये सैल बसलेली असते आणि बुडाजवळ फाटू शकते. .३०३ ची रिम हा त्रास होऊ देत नाही. म्हणून मॉझरसाठी हा संच घेणाऱ्याने हलक्या भरणीच्या पुंगळ्यांवर पहिल्या दिवसापासून खूण करून त्या वेगळ्या डब्यात ठेवाव्यात आणि पूर्ण भरणीसाठी पुन्हा कधीही वापरू नयेत.